रकाना अकरा आणि बारा

ता. ४ जून

चि. पक्कड हिस मामाचे आशीर्वाद.

शिक्षिकेच्या जागेसाठीचा तुझा अर्ज मिळाला. तुमच्या नजरेतून चूक सुटत नाही, एकदा तपासून परत पाठवा, असं लिहिलं होतंस. तपासला. चुका तीन. पान दोनवरचा जन्माचा महिना दाखल्याशी जुळत नाही. पान तीनवर सही रेघेखाली घसरली आहे. तिसरी चूक रकाना अकरा.

तंत्रज्ञानाचं शिक्षण कुठे घेतलं, असं तिथे विचारलंय. तू लिहिलंस, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्ग. बस्स. मागे काही राहिलं का, म्हणून मी कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

नवव्या वर्षापासून माझ्या दुकानात उंच स्टुलावर बसून तारांना कथलाचा डाग द्यायला कोण शिकलं? पक्कड हातातून सुटेना म्हणून तुला हे नाव पडलं, ते काय त्या सहा आठवड्यांत? तुझ्या त्या वर्गाच्या मास्तरचा संगणक मी दोनदा उघडलाय. दोन्ही वेळा आत मुंग्या होत्या. माझी बारा वर्षं गिळलीस आणि ढेकरही दिला नाहीस.

आता रकाना बारा. तंत्रज्ञान किती सहज हाताळता: कमी, मध्यम, चांगले, उत्तम. तू खूण केलीस उत्तमवर. या धंद्यात मला एकतीस वर्षं झाली, मी स्वतःला मध्यमच्या वर चढवत नाही. ज्याच्यापुढे कुठलंच यंत्र हट्ट करत नाही तो उत्तम. असा माणूस जन्मला की कळव, दुकानाला कुलूप लावतो.

सातवी शिकलेल्या मामाची लाज वाटत असेल तर तोंडावर सांगायचं. तुझ्या आईला सांग, मिक्सर बिघडलेला नाही, तिला झाकण नीट बसवता येत नाही. अर्ज सोबत परत पाठवला आहे. लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मामा


ता. ९ जून

ती. स्व. मामांस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. महिना दुरुस्त केला, सही वर घेतली. आई म्हणते, झाकण ती तुमच्या दुकानाच्या आधीपासून बसवते आहे. रकाना अकरा तसाच ठेवून अर्ज दिला.

रागावू नका असं म्हणणार नाही, कारण मीही रागावले आहे. त्या रकान्यात तीन घरं आहेत: संस्थेचं नाव, कालावधी, प्रमाणपत्र क्रमांक. तुमच्या दुकानाला साधी पाटी नाही. ज्याला गरज आहे तो शोधत येईल म्हणता. आणि प्रमाणपत्र? अठराव्या वर्षी मी तुमच्यासमोर उभं राहून दोन ओळी मागितल्या होत्या, की ही माझ्याकडे काम शिकली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "यंत्र चालू झालं, हेच प्रमाणपत्र. मी कागद वाटत नाही." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. तुम्हीही हसलात. त्याच आठवड्यात मी त्या वर्गाला नाव घातलं. तरी पुढची तीन वर्षं स्टूल सोडलं नाही.

मामा, लाज नव्हती वाटली, पुरावा नव्हता. आपणच आतून कडी लावायची आणि आत का येत नाहीस म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय?

उत्तम तर सगळेच लिहितात. मध्यम लिहिणाऱ्याला मुलाखतीला बोलावत नाहीत. माझी मुलाखत १८ तारखेला आहे. रागात का होईना, आठवण असू द्या.

तुमची पक्कड


ता. १३ जून

चि. भाचीस आशीर्वाद.

गिऱ्हाइकं तीन होती. चौथा पत्ता विचारायला आला होता. बाकी तू लिहिलंस तसंच घडलं, आणि तेव्हा बोललो ते आजही बोलेन. कागद दाखवून कामाला लागलेल्यांनी बिघडवलेली यंत्रं निस्तरण्यात माझा जन्म गेला. मला कुणी कागद दिला नाही. शाळा सुटल्यावर मांडीवर शब्दकोश घेऊन यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचल्या. सुरुवातीला एका पानाला आठवडा लागायचा.

सगळे उत्तम लिहितात म्हणून तूही लिहिलंस, हे तर आणखी वाईट. सगळे फ्यूजच्या जागी जाड तार घालतात, म्हणून आपणही घालायची? उत्तर पाठवू नकोस.

मामा


ता. १९ जून

ती. स्व. मामांस, नमस्कार.

नको म्हणालात तरी पाठवते. पक्कड हे नाव तुम्हीच ठेवलंत.

काल मुलाखत झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, भरल्या वर्गात संगणक बंद पडला तर काय कराल. माझ्या आधीच्या दोघांनी कारागिराला फोन करू असं सांगितलं होतं. मी म्हणाले, आधी हात पाठीमागे बांधीन. मग मुलांना विचारीन, दिवा लागलाय का, पंख्याचा आवाज येतो का, वास कसला येतो. हात सगळ्यात शेवटी. बाईंनी विचारलं, हे सहा आठवड्यांत शिकवतात? माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. हे माझ्या मामांनी शिकवलं." मग दुकान, स्टूल, बारा वर्षं, सगळंच सांगितलं.

त्यावर बाईंच्या शेजारी बसलेले गृहस्थ तडकले. म्हणाले, एकतर अर्जात लपवलंत, नाहीतर आत्ता रचताय. शिकवणाऱ्याच्या सहीचा कागद २६ तारखेपर्यंत आणा. नाही आणलात तर माहिती अपुरी म्हणून अर्ज बाद.

आठ वर्षांपूर्वी मागितलं तेच पुन्हा मागते आहे. या वेळी हसू नका.

तुमची पक्कड


ता. २२ जून

चि. पक्कड हिस अनेक आशीर्वाद.

राग गेलेला नाही. त्यातला थोडा त्या गृहस्थांकडे वळवला आहे. माझी भाची रचून सांगते म्हणे.

कागद सोबत आहे. चारदा लिहिला, तीन फाडले, कारण त्यांत कौतुक शिरत होतं. यातलं अक्षरही बदलायचं नाही. तुझ्या आईनं पाठवलेलं झाकण तपासलं. रबर झिजलं होतं. तिची चूक नव्हती, हे तिला सांग. नवं बसवलंय. लोभ आहेच, तो असा रकान्यात मावत नाही.

मामा


मुख्याध्यापिकाबाई यांस,

माझी भाची वय वर्षे नऊ ते एकवीस माझ्या दुरुस्तीच्या दुकानात शिकली. दुकानाला पाटी नाही. तिने एकदा दाखला मागितला होता, मी दिला नाही. अर्जात माहिती अपुरी राहिली तो दोष माझा आहे.

तिच्या हातून दोन ट्रान्सफॉर्मर जळाले. दोन्ही वेळा मी विचारण्याआधी तिने सांगितले. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळते. न समजलेले समजले असे म्हणत नाही. एका वृद्ध गिऱ्हाइकाला रेडिओ कसा लावायचा हे तिने अकरा वेळा समजावले, आवाज न चढवता. मी तिसऱ्या वेळीच उठून आत गेलो होतो.

रकाना बारामध्ये तिने 'उत्तम' लिहिले आहे. ते खोडून 'मध्यम' करावे. या दुकानात एकतीस वर्षांत मध्यमपर्यंत दोघेच पोचले. दुसरा खाली सही करत आहे.