उलट न मोजलेला लघुग्रह

४ फेब्रुवारी
वेधशाळेत रुजू झालो. टेकडी छान, हवा छान, खोलीला दोन खिडक्या. माणसं मात्र एकजात मठ्ठ. संचालकसाहेब दिवसभर पेन्सिलींना टोकं करतात. मोजणीच्या खोलीत एक काकू आहेत; आकाशाच्या फोटोंच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बावीस वर्षं ताऱ्यांच्या जागा मोजताहेत. इथला नियम असा, की प्रत्येक काच आधी सुलट मोजायची, मग फिरवून पुन्हा उलट मोजायची. का, तर मोजणाऱ्याच्या डोळ्याचा दोष निघून जावा. माझ्या डोळ्यांत दोष नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. त्यावर काकू म्हणाल्या, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. म्हणी पाठ असल्या की अक्कल लागत नाही. बायको आणि पाच वर्षांची लेक तेवीस तारखेला यायच्या आहेत. तोवर नाव काढायचं.

९ फेब्रुवारी
काढलं! तीन रात्रींच्या तीन काचांवर ताऱ्यांमधून सरकणारा एक बारीक ठिपका. कुठल्याच यादीत नाही. नवा लघुग्रह! कक्षाही बसवली: मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातली, जवळजवळ गोल, पाच अंश कललेली, सूर्याभोवती एक फेरी सव्वाचार वर्षांत. पुढच्या जागांचं कोष्टकही केलं आणि इतर वेधशाळांना धाडलं. उलट मापं घेत बसलो नाही, रकाने अंदाजाने भरले. काकूंना कळतंय कुठे! त्यांना स्वतःचा चष्मा सापडला तरी पुष्कळ झालं. लघुग्रहाला लेकीचं नाव देणार.

१५ फेब्रुवारी
दोन वेधशाळांनी कळवलं, त्या जागी काहीच नाही. त्यांच्याकडे दुर्बिणी आहेत की सांडपाण्याचे पाइप? साहेबांनी चाचरत उलट मापं पुन्हा घ्यायला सांगितली. बरं बाबा, घेतो. काच फिरवली. तारे फिरले. ठिपका फिरला नाही.

भिंग बदललं. तिथेच. काच काढून घेतली. रिकाम्या उजेडात ठिपका.

१७ फेब्रुवारी
आता भिंतीवरही दिसतो. साहेबांच्या टकलावर दिसतो. एरवी करमणूक झाली असती. डोळ्यांचा डॉक्टरही अर्धवटच, म्हणे डोळे स्वच्छ आहेत. पण ठिपका माझ्या कोष्टकाप्रमाणे सरकतोय, रोज अगदी तेवढाच. कोष्टक म्हणतं, तेवीसला तो सर्वांत जवळ, सर्वांत ठळक.

१९ फेब्रुवारी
शेवटी काकूंना सांगावं लागलं. त्या हसल्या नाहीत, त्याचाच जास्त राग आला. म्हणाल्या, डोळ्यातली कणी होती, उलट मोजली असती तर तिथेच निकालात निघाली असती. तुम्ही तिला कक्षा दिलीत, आता ती फिरणारच. अडाणी बडबड. पण त्या बोलत असताना ठिपका त्यांच्या मागच्या घड्याळावर गेला आणि— भिंतीवर नुसता खिळा.

२१ फेब्रुवारी
काकू काच बघायला वाकल्या. मी वेळेवर नजर वळवली नाही. खुर्ची रिकामी. वहीवर चष्मा.

साहेबांनी विचारलं, काकू कुठे गेल्या. मला काय माहीत, म्हणालो.

घरी फोन केला, येऊ नका. बायको म्हणाली, तुमची नाटकं नेहमीचीच, आम्ही निघतोय. मूर्ख बाई. नाही— मूर्ख मी. शहाणपण मिरवत होतो—

२३
डोळ्यांवर फडकं बांधलंय. चाचपडत लिहितोय. आल्या दोघी.

लेकीला वाटतंय आंधळी कोशिंबीर चाललीय. हसत माझ्याभोवती फिरतेय. बाहेर जा म्हणून ओरडलो— ऐकत नाही, माझ्यावरच गेलीय—

मिटल्या डोळ्यांतही ठिपका आहे. मोठा झालाय—

हसणं थांबलं.

बायको आतून विचारतेय, पोर एवढी गप्प का. मी फडकं काढलं नाही. शपथ, डोळे उघडलेच नाहीत, तरी— बायकोची पावलं, इकडेच येतेय— अगं थांब, समोर येऊ न