चष्म्यातली बाई

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. दादाच्या फोटोंचं प्रदर्शन थाटात झालं, लोक भिंतींपुढून हलेनात, तुझं भाषणही रंगलं, सगळं वाचलं. भाषणात माझाही उल्लेख केलास म्हणे, 'दादाची मदतनीस' असा. आभारी आहे.

दादा गेला, आता त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलू नये, एवढं मला कळतं. स्टुडिओच्या पुढच्या खोलीत तो बड्या मंडळींचे फोटो काढायचा आणि चांगले काढायचा. पण बायका यायच्या मागच्या खोलीत, माझ्याकडे. परक्या पुरुषाने टक लावून बघणं त्यांच्या घरी चालत नसे. एक फोटो घरच्यांना दाखवायला, मान खाली घातलेला. मग दार लावून दुसरा, त्यांचा स्वतःचा. सुईणीला हातात जाडजूड पुस्तक हवं होतं, अक्षरओळख नसली तरी. वकिलाच्या बायकोने नवऱ्याचा काळा कोट पिशवीत लपवून आणला, आणि तो घालून अशी बसली की मलाच उठून उभं राहावंसं वाटलं. कोण व्हायचंय ते त्या सांगायच्या, मी पडदा सरकवून उजेड तसा घ्यायचे. ते दुसरे फोटो माझ्या कपाटात राहायचे. तेच कपाट तू प्रदर्शनासाठी मला न विचारता उघडून दिलंस. भिंतीवर दादाच्या नावाने टांगलेल्या त्या बायांपैकी एकीचाही चेहरा दादाने कधी पाहिला नव्हता.

तूही आली होतीसच की त्या खोलीत. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अर्जासोबत फोटो हवा होता, आणि तू दिसायचीस वर्गातल्या पोरीसारखी. मी तुझे केस घट्ट बांधले, माझा चष्मा तुझ्या नाकावर चढवला. नंबर जाड, तुला काही दिसेना. माझ्या आवाजाकडे बघ म्हटलं, तर इतकं रोखून बघितलंस की संस्थेच्या मंडळींनी मुकाट्याने नेमणूक दिली. पुढे जन्मभर तू त्या फोटोसारखीच वागलीस. घाईत माझी एक चूक मात्र राहून गेली. चष्म्याच्या काचांत खिडकी उमटली, आणि खिडकीपुढे कॅमेऱ्याशी उभी असलेली मी. तेव्हा आपण दोघी पोट धरून हसलो होतो. राहू दे, तेवढीच सोबत, असं तूच म्हणाली होतीस.

आता तुझ्या शाळेत दादाच्या नावाचं दालन होणार, तिथे तोच फोटो मोठा करून लागणार, खाली दादाचं नाव. म्हणून काचांतली ती बाई पुसून दे, उगाच कुणी विचारलं तर पंचाईत, असं तू लिहिलंस. मला राग आला धाकटे, आणि रडूही आलं. या कुंचल्याने मी लोकांचे देवीचे व्रण पुसले, सुरकुत्या पुसल्या. स्वतःला पुसायचं काम पहिल्यांदाच आलं. केलं ते. काचा कोऱ्या केल्या, तर माझ्याबरोबर तुझे डोळेही गेले. नुसते दोन पांढरे गोल उरलेत. प्रत सोबत पाठवते आहे. हिच्याखाली दादाचं नाव खुशाल घाल, हा फोटो मी काढलेला नाही.

तुझीच,
दादाची मदतनीस