यादीत नसलेली लाइन

२ फेब्रुवारी १९९३, मंगळवार

तिसऱ्यांदा तपासलं. धुळ्याहून आलेल्या यादीत एकशे ऐंशी टेलिफोन नंबर, मशीनमध्येही एकशे ऐंशी. एकेक अंक बोट ठेवून जुळवला. तरी चैन नाही! नंबर नुसते भरलेत तोवर खोडता येतात. परवा सकाळी अकरा वाजता, आमदारांसमोर, चालू करायचा हुकूम मशीनला दिला की नवं एक्स्चेंज सुरू, जुन्या बोर्डाच्या तारा त्याच क्षणी कापायच्या. मग चूक सापडली तर?

तीन रविवार झाले, देवपूरला घरी गेलो नाही.

३ फेब्रुवारी

वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. बावीस वर्षं बोर्डावर ऑपरेटर – उद्यापासून बोर्डच नाही. वाटलं, मन मोकळं करायला आल्या. त्यांनी यादी मागितली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

'मगनभाऊ, यात जांभळीपाडा कुठे आहे?'

नाही! डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्राची लाइन. पंच्याऐंशीच्या पुरात कुणा साहेबांच्या तोंडी हुकमावर जोडलेली. मंजुरी मागून येईल म्हणाले, आलीच नाही. तेव्हापासून बाई रोज सकाळी तिथे फोन लावून बघतात – चालू आहे ना.

माझ्यासमोर लावला. तिथल्या नर्स सुगंधाबाई बोलल्या. 'भाऊ, बठ्ठा पाडाले हाऊ एकच फोन शे. मांगला महिनामा ह्याच फोनवर गाडी बोलाई, तवय बाळतीन वाचनी.' सगळ्या पाड्याला हा एकच फोन, त्यावरून गाडी बोलावली म्हणून बाळंतीण वाचली!

मी यादीशी जुळवत बसलो होतो. यादीच अपुरी असेल हे डोक्यातही आलं नाही.

४ फेब्रुवारी

नाही दिला हुकूम. तारा कापल्या की पाड्याचा फोन मेला, आणि साहेबांच्या सहीशिवाय यादीबाहेरचा नंबर भरता येत नाही. मांडव, हार, आमदार – सगळे खोळंबले. आमचे वरिष्ठ चौधरी साहेब कानाशी येऊन, 'कागदावर नाही ती लाइन नाहीच. कर चालू!' म्हटलं, साहेब, तेवढं लेखी द्या. दिलं नाही! आमदार नारळ फोडून निघून गेले.

५ फेब्रुवारी

साहेब बोलत नाहीत. जेवण जात नाही.

८ फेब्रुवारी

जांभळीपाड्याची नोंद करायला साहेबांनी चरफडत का होईना, सही दिली. एकशे एक्क्याऐंशीवा नंबर भरला. पुन्हा सगळं तपासलं, पण या वेळी यादी बाजूला ठेवून. वच्छलाबाई बोर्डावरची एकेक तार सांगत गेल्या, मी जुळवत गेलो. दुपारी चालू केलं. पहिला फोन पाड्याला – लागला! बाईंनी कानावरचा हेडफोन उतरवला, पदरानं पुसला, टेबलावर ठेवला.

९ फेब्रुवारी

मेमो. समारंभ का मोडला, स्पष्टीकरण द्या.

१० फेब्रुवारी

दिलं. दोन पानं, सगळं खरं. चूक वच्छलाबाईंनी पकडली, ही लाइन आठ वर्षं त्यांनीच जिवंत ठेवली – नावानिशी लिहिलं. निदान शाबासकी तरी मिळेल त्यांना. आज बरं वाटतंय.

२६ फेब्रुवारी

वच्छलाबाई निलंबित. आरोप – 'विनामंजुरी लाइन आठ वर्षे चालविली.' पुरावा – माझं स्पष्टीकरण.

धावत त्यांच्या घरी गेलो. 'खरंच तर लिहिलं तुम्ही, भाऊ. पाणी घ्या,' म्हणाल्या. मला मान वर करवेना.