चार्टवरचा माणूस आणि माझं अपेंडिक्स

२ जून, सोमवार
खुर्च्यांचा विभाग बंद. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे कंपनी मानवी शरीराचे चार्ट आणि मॉडेल्स विकणार. सोळा तारखेला नर्सिंग कॉलेजात पहिला डेमो. तो मी द्यायचा. जमला तर विभागप्रमुख मी. नाही जमला तर टायवाला. हा टायवाला माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, उन्हाळ्यातही टाय सोडत नाही आणि सगळ्यांना 'येस सर' म्हणतो. बायकांनासुद्धा.
मला काळजी नाही. इतकी वर्षं लोकांच्या पाठीला खुर्च्या विकल्या. म्हणजे शरीराची मागची बाजू येतेच. फक्त पुढची बघायची आहे.

३ जून
संकल्प : रोज पहाटे उठून अभ्यास. आज उशीर झाला, कारण काल संकल्प लिहायला रात्र झाली.

४ जून
कंपनीचं पुस्तक उघडलं. अनॅटॉमी म्हणजे रचना, फिजिऑलॉजी म्हणजे त्या रचनेचं काम. लगेच समजलं. आमच्या ऑफिसला अनॅटॉमी आहे, फिजिऑलॉजी नाही. हे साहेबांना सांगणार होतो, पण विभागप्रमुख झाल्यावर सांगेन.
पेशींची ऊती, ऊतींचा अवयव, अवयवांची संस्था. पुढे जांभई आली. जांभई हीसुद्धा फिजिऑलॉजीच, त्यामुळे अभ्यास चालूच होता असं धरतो.

६ जून
पुस्तक बाद. लेखकाला सरळ बोलताच येत नाही. जवळचं म्हणायचं तर 'प्रॉक्सिमल', लांबचं म्हणायचं तर 'डिस्टल'. उताणं झोपलं की 'सुपाइन'. मी रविवारी दिवसभर सुपाइन असतो, पण कधी गाजावाजा केला नाही.
त्यापेक्षा मोठा चार्ट घरी आणला आणि बेडरूमच्या दाराला आतून लावला. चित्र बघितलं की डोक्यात बसतं. बायको म्हणाली, कातडी सोललेला परका माणूस मला बेडरूममध्ये नको. तिला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही.

७ जून
चार्टसमोर खुर्ची टाकून बसलो. यकृत डावीकडे. जठर उजवीकडे. अपेंडिक्स खाली, डावीकडे. तोंडपाठ! उगाच लोक डॉक्टरकीला एवढी वर्षं घालवतात.

८ जून, रविवार
भयंकर प्रकार. पुस्तकात यकृत 'उजवीकडे' छापलंय! चार्टवर धडधडीत डावीकडे दिसतंय. अपेंडिक्सचंही तेच. मुद्रितशोधक झोपला होता की काय? सगळीकडे पेनाने दुरुस्त केलं. हाताला कळ लागली.
हृदयाचा थोडा घोळ आहे. लहानपणापासून ते डावीकडे ऐकलंय आणि चार्टवर उजवीकडे कललेलं आहे. डेमोत 'साधारण मधोमध' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. वादात पडायचं नाही.

९ जून
साहेबांना मुद्रणदोषांचं सविस्तर सांगितलं. ते फोनवर होते, मान हलवली. टायवाला म्हणाला की सर, शरीराची उजवी-डावी त्या शरीराकडून मोजतात. मी म्हटलं, चार्ट बघणारा मी, मग मोजणार कोण? तो टाय नीट करत राहिला. जळतो मेला.

११ जून
होमिओस्टॅसिस! सुंदर कल्पना. बाहेर काहीही होवो, शरीर आतला तोल सांभाळतं. तापलं तर घाम, थंडी वाजली तर हुडहुडी. आमच्या घरात हे काम बायको करते, पण आधी स्वतः तापून. असं म्हटलं तर तिने चार्ट काढून जिन्याखाली ठेवला. मी परत लावला.

१४ जून, शनिवार
सकाळपासून बेंबीपाशी दुखतंय. जेवण नको वाटलं. अभ्यास जास्त झाला की रक्त मेंदूकडे जातं आणि पोट उपाशी राहतं. पुस्तकात नाही, पण असणार.
बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं, घरात शरीरशास्त्र जाणणारा माणूस असताना बाहेर कशाला?

१५ जून, रविवार
दुखणं बेंबीवरून खाली उजवीकडे सरकलं. म्हणजे निघून चाललंय.
दोनदा उलटी. थोडा ताप. ताप म्हणजे शरीर कामाला लागलंय. आमच्या ऑफिसात कुणाला येत नाही.
बायकोने डोक्याला हात लावला. अहो, अपेंडिक्स तर नसेल, म्हणाली. मी तिला हाताला धरून चार्टसमोर नेलं आणि दाखवलं. अपेंडिक्स डावीकडे, मला दुखतंय उजवीकडे. विषय संपला. ती चार्टकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, तुम्हाला काही झालं तर मी काय त्या सोललेल्याशी संसार करू? आणि रडली. मला फार राग आला. डेमोच्या आदल्या दिवशी असं रडतात का?
तिला वचन दिलं : उद्या डेमो संपला की थेट डॉक्टर.

१६ जून, सकाळ
उभं राहिलं की उजवा पाय पोटाशी घ्यावासा वाटतो. बूट बायकोने घातले. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला तिचं नाव घेतलं. आज विभागप्रमुख होणार.

१८ जून, कॉलेजचंच हॉस्पिटल
लिहायला बायकोने पेन दिलं, वही दिली, पण चष्मा देताना म्हणाली, खरं लिहा.
बरं. डेमोला वर्ग भरलेला होता. प्राचार्यबाई पहिल्या बाकावर. टायवाल्याने चार्ट धरला. मी म्हटलं, यकृत डावीकडे. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. प्राचार्यबाई सौम्यपणे म्हणाल्या की उजवीकडे. मी म्हटलं, मॅडम, तुमच्या पुस्तकातही मुद्रणदोष दिसतोय. टायवाल्याने चार्टमागे तोंड लपवलं.
मग अपेंडिक्सवर आलो. छडी डावीकडे टेकवली आणि त्याच क्षणी माझ्या उजवीकडे अशी कळ आली की मी टेबल धरून वाकलो. दुसरा हात पोटावर. घाम. एक मुलगी विचारत होती, सर, आधी बेंबीपाशी दुखलं का? हो. उलटी? हो. मग खाली उजवीकडे? हो म्हटलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, सर, अपेंडिक्स!
मी म्हटलं, शक्य नाही, ते डावीकडे असतं.
हे माझं डेमोतलं शेवटचं वाक्य. नंतर स्ट्रेचर. मी सुपाइन.

१९ जून
अपेंडिक्स आत फुटायच्या बेतात होतं. सर्जन म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर बायकोला बाहेर बोलावून वेगळं बोलावं लागलं असतं. बायको ऐकत होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला की सलाइनची सुई हलली. मी ओरडलो नाही. तिला तरी काय काय सांगायचं.
सर्जनना विचारलं, उजवीकडे कसं काय सापडलं? ते म्हणाले, सगळ्यांचं तिथेच असतं. चार्टवरचा माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. त्याची उजवी ती तुमच्या डाव्या हाताला येते.
दहा दिवस मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून बसलो होतो. एका शब्दाने बोलला नाही.

२० जून
साहेबांचा फोन. प्राचार्यबाईंनी चार्ट, मॉडेल्स, सगळं घेतलं. म्हणाल्या, आमच्या मुली अपेंडिक्सची जागा जन्मात विसरणार नाहीत. मी उठून बसायला गेलो, पण साहेब पुढे म्हणाले की उरलेला डेमो टायवाल्याने पुरा केला, म्हणून विभागप्रमुख तोच. मला परत खुर्च्या. विभाग बंद आहे ना, असं विचारलं. म्हणाले, शिल्लक माल आहे.
फोन ठेवला. वाईट वाटलं. फार वाटलं. बायको म्हणाली, बरं झालं, खुर्चीला उजवी-डावी नसते. तिला म्हटलं, हात असतात. ती हसली. मलाही हसू आलं, पण टाके ओढले गेले.
संकल्प : कंपनीला सुचवायचं. पुढच्या आवृत्तीत चार्टवरचा माणूस पाठमोरा छापा. म्हणजे घोळ नाही.

२० जून, संध्याकाळ
ड्रेसिंगला तीच मुलगी आली, वर्गात प्रश्न विचारणारी. म्हणाली, सर, डाव्या कुशीवर वळा. मी आता शहाणा झालोय. ती माझ्याकडे तोंड करून उभी, म्हणजे मी जी डावी समजतोय ती खरी उजवी असणार. नीट विचार केला आणि उजव्या कुशीवर वळलो.
टाके उजवीकडेच आहेत.