कस्तुराचा गुडघा

चिंचवड, १२ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप आईला भीमराजचा जय भीम.

आपल्या कस्तुराच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सव्वा महिना झाला. टाके सुकले, ताप नाही. शाळेतल्या खो-खोच्या बाई येता-जाता डोकावतात, वह्या आणून देतात.

प्लास्टर काढताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की दुखलं तरी रोज दोन वेळा गुडघा वाकवायचा. पण ती रडली की माझा हातच चालायचा नाही. "राहू दे, उद्या करू," म्हणायचो. असे पंधरा दिवस गेले. आता गुडघा अर्धाच वाकतो, तिला मांडी घालून जेवताही येत नाही. डॉक्टर माझ्यावर फार चिडले. ती पुन्हा खेळेल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तुझा खोकला कसा आहे? शेळी व्यायली का?

काल शिफ्टवरून आलो तर कस्तुरा पाय पसरून माझी वाटच बघत होती. म्हणाली, "दादा, आज मी कितीही ओरडले तरी थांबायचं नाही." आणि तिनं दातांत टॉवेल धरला. मी थांबलो नाही.

तू यायचं म्हणतेस, पण इतक्यात येऊ नकोस. तू माझा हात धरशील, आणि मी पुन्हा थांबेन.

तुझा
भीमराज