अब्रुनुकसानीचा दुसरा सीझन

४ ऑगस्ट, सकाळ
'तारीख मिळेल'चा दुसरा सीझन आला. टीव्हीवरची कोर्टाची कॉमेडी. लिहिणारा प्रसेनजित, माझा माजी ज्युनिअर. मेहकरला माझ्या हाताखाली वकिली शिकला आणि मुंबईला पळाला. या सीझनमध्ये नवा वकील घुसवलाय, ॲड. भोंगाडे. बसायला घरून उशी आणतो, उठसूट ऑब्जेक्शन घेतो, जामिनाच्या अर्जावर शेर म्हणतो आणि केस हरतो. हा मी आहे. म्हणजे मी असा नाही, पण हा मीच आहे. उशी मूळव्याधीसाठी असते, विनोदासाठी नाही.
लेकाच्याला सोडणार नाही.

४ ऑगस्ट, संध्याकाळ
आमच्या मनकर्णाने चार एपिसोड एका दमात पाहिले. बायकोच्या नात्याने खरं सांग म्हटलं, हा माणूस ओळखीचा वाटतो का? तिला बोलवेना. तोंडात पदर कोंबला होता. दुःखाने असावा.

६ ऑगस्ट
प्रसेनजितला द्यायची नोटीस ड्राफ्ट केली. पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारा झाला पाहिजे. अडचण एकच. भोंगाडे म्हणजे मीच, हे आधी सिद्ध करावं लागेल. माझा कारकून मोतीराम म्हणाला, साक्षीदाराची काळजी करू नका साहेब.

८ ऑगस्ट
बार रूमबाहेर साक्षीदारांची रांग. चहावाला, विरोधी वकील, माझेच जुने पक्षकार. भोंगाडे हुबेहूब मीच, हे सगळे शपथेवर सांगायला तयार. एक जण हिवरा आश्रमहून एसटीने आला, तेही स्वखर्चाने. लोकांचं आपल्यावर एवढं प्रेम आहे, कल्पना नव्हती.

११ ऑगस्ट, सकाळ
पुण्याच्या पेपरात सीझनची समीक्षा. दीड स्टार! पार धुतलाय. मोतीरामला पेढे आणायला पिटाळलं. मग शेवटचा परिच्छेद वाचला. भोंगाडे हे पात्र म्हणे सर्वस्वी अशक्य आहे, असा वकील कोणत्याच कोर्टात टिकणार नाही.
मग एवढी वर्षं मी काय बार रूममध्ये गोट्या खेळलो? पेढे तोंडात गेले नाहीत. फक्त दोन.

११ ऑगस्ट, दुपार
आणखी रिव्ह्यू. एक म्हणतो, भोंगाडे ही अतिशयोक्ती. एक बाई म्हणतात, भोंगाडेत जीवच नाही. जीव नाही तर बीपी कोणाचं वाढलंय?
प्रसेनजितची नोटीस तूर्त बाजूला. आधी हा पुण्याचा समीक्षक. पुन्हा पेन धरायच्या आधी वकील गाठला पाहिजे त्याने.

१३ ऑगस्ट
पुरावा म्हणून व्हिडिओ केला. काळा कोट, उशी, ऑब्जेक्शन, एक शेर. मोतीरामने मोबाईल धरला, तोही तोंड दुसरीकडे करून. समीक्षकाला पाठवला. आता माफी छापल्याशिवाय सुटका नाही बेट्याची.

१६ ऑगस्ट
समीक्षकाचं उत्तर आलं. प्रयत्न चांगला आहे म्हणे, पण तुम्हाला भोंगाडे जमला नाही.
मनकर्णा म्हणते, जाऊ द्या. कसं जाऊ द्या?

१८ ऑगस्ट, सकाळ
प्रसेनजित डोणगावला आईकडे आलाय. ठरलं. त्याने जाहीर करायचं की भोंगाडे म्हणजे मी, ॲड. पंजाबराव. मग दोघांनी मिळून समीक्षकाला नोटीस. त्याआधी मी त्याला माफ करीन. तो रडेल. जास्तीचा रुमाल घेतलाय.

१८ ऑगस्ट, संध्याकाळ
पोरानं आठवणीनं खुर्चीवर उशी ठेवली. तुला माफ केलं म्हणालो, तर विचारतो, कशाबद्दल? भोंगाडे म्हणे त्याचा मामा. साखरखेर्ड्याचा. उशी मामाची, शेर मामाचे. मामा गावभर मिरवतोय. मी विचारलं, मग मी कुठेच नाही का? तो खाली बघत म्हणाला,
"सर, तुमच्यावर बी लिहून पाह्यलं होतं. पहिल्याच सीझनले. पण वाचणाऱ्याले हसूच नाही आलं. कीव आली."
रुमाल मलाच लागला. डोणगावला धूळ फार.

१९ ऑगस्ट
मोतीराम विचारत होता, साक्षीदारांना कधी बोलावू. नको म्हणालो. नोटीस फाडली.
घरी आलो तर मनकर्णा पुन्हा भोंगाडे बघत बसलेली. शेजारी बसलो. भोंगाडेनं ऑब्जेक्शन घेतलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग माझ्याकडे वळली.
"अवो, आता तरी खरं सांगा. हे तुमीच ना?"
हाव म्हणालो. मीच.