प्रश्न सतरावा: हसली का?

शुक्रवार, ३ मे

नूडल्स सोळाव्या मिनिटाला आले. नियम पंधराचा. तसं लिहिलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम बरं मिळालं — हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून जेवायचं आणि घरी येऊन गुपचूप कंपनीला अहवाल पाठवायचा. बेचाळीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. या महिन्यात चार शुक्रवार दुपारी एकच हॉटेल. जपानी भात, थाई रस्सा, कोरियन लोणचं, सगळं एका ताटात. सोबत ताई. खायच्या काड्या बघून म्हणाली, "यांनी खायचं तर जेवण उद्यापर्यंत चालेल," आणि सरळ चमचा मागितला.

वाढायला एक मुलगी होती. बिल्ल्यावर नंबर सात. काम चोख, बोलणं मऊ. पण प्रश्न सतरावा — वाढणारी व्यक्ती हसली का? चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. 'नाही' लिहिलं. चौतीस वर्षं पेपर तपासले, कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही. आता कशाला देऊ?

शुक्रवार, १० मे

पुन्हा सात नंबर. सूप कडकडीत, टेबल स्वच्छ, रस्सा नारळाच्या दुधातला, छान होता. पण ही बया ढिम्म! मी मुद्दाम दोनदा तिच्याकडे बघून हसले. सतराव्याला पुन्हा 'नाही'.

ताई म्हणाली, "तू घड्याळाकडे तरी बघतेस, नाहीतर ताटाकडे. माणसाकडे कधी बघणार?" म्हटलं, तू जेव गपगुमान.

मंगळवार, १४ मे

पोट बिघडलंय. ताई म्हणते लोणचं, मी म्हणते वय.

शुक्रवार, १७ मे

लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

आज दुसऱ्याच माणसाने वाढलं. सात नंबर कोपऱ्यात बसून रुमालांच्या घड्या घालत होती. ताईला राहवलं नाही. हात धुवायला म्हणून उठली आणि थेट तिच्यापाशी. मी मागोमाग.

"काय गं, आज आमच्याकडे नाहीस?"

मुलगी उभी राहिली. म्हणाली, "माझ्यावर लागोपाठ दोन शेरे पडलेत, मावशी. हसत नाही म्हणून. तिसरा पडला की घरी. हा आठवडा आतलीच कामं."

ताईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ताईचं हे असंच, परकं माणूस कळतच नाही तिला. "अगं, तुझी ही डावी बाजू..."

गेल्या वर्षी ताप आला होता म्हणे. ताप उतरला, अर्धं तोंड तसंच राहिलं. आता उजव्या बाजूने हसायला गेली की तोंड वाकडं होतं, लोक दचकतात. म्हणून ती ओठ मिटूनच ठेवते.

"मी हसते हो. दिसत नाही एवढंच," असं माझ्याकडे बघून म्हणाली. मला! जिने 'नाही' लिहिलं तिलाच!

साहेबांना ठाऊक आहे, पण अहवालात कारण लिहायला जागाच नाही, म्हणाली. खरंच नाही. मी तो कागद पाठ केलाय.

ताट अर्धं टाकूनच आम्ही निघालो.

शनिवार, १८ मे

कंपनीला फोन केला. सगळं सांगितलं. "पाठवलेला अहवाल बदलता येत नाही, मॅडम." दुसऱ्यांदा केला. तेच उत्तर.

शुक्रवार, २४ मे

माझा तिथला शेवटचा शुक्रवार. पुढच्या महिन्यात दुसरा कुणी परीक्षक जाईल, आणि तोही घड्याळ लावूनच बसेल. मधे एक 'हो' पडला तर ओळ तुटते, मुलगी वाचते. तेवढ्यासाठी गेले — आणि आज ती दिसलीच नाही. रुमालांपाशीही नाही.

घरी येऊन कागद भरला. वाढणारी व्यक्ती: नंबर सात. हसली का? हो. 'छान हसली' असंही शेवटी जोडलं.

आयुष्यात पहिल्यांदा कागदावर खोटं लिहिलं. ताईला सांगितलं नाही.

सोमवार, २७ मे

कंपनीचा फोन. "सात नंबर शुक्रवारी रजेवर होती, मॅडम. दवाखान्यात. मग तुम्हाला वाढलं कोणी?"

फोन ठेवून दिला. चौतीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या, आणि स्वतःवर वेळ आली तर हजेरीपटसुद्धा आठवला नाही. अशी कशी मी बावळट!

माझ्या अब्रूचं राहू दे. तो 'हो' गेला. दोन 'नाही' मात्र तसेच उभे, माझ्याच हातचे. त्या पोरीच्या पोटावर पाय दिला मी.

शेवटी ताईला सगळं सांगितलं. आधी हसली, मग माझा हात धरला.

गुरुवार, ३० मे

कंपनीचं पत्र. 'आपल्या नोंदी विश्वासार्ह नसल्याचे आढळले आहे. आपले नाव परीक्षकांच्या यादीतून वगळले असून आपण आजवर पाठवलेले सर्व अहवाल रद्द करण्यात येत आहेत.'

सर्व. म्हणजे तीन मेचा आणि दहा मेचाही.

ताईला वाचून दाखवलं. दोनदा.